पांढऱ्या चिकटपट्टीचे इतर उपयोग

त्या हिवाळ्यात आमची तुकडी काश्मीरमधील एका उंच चौकीवर होती. चौकीत बावीस जवान. मी नर्सिंग असिस्टंट, हुद्दा नायक. खरे डॉक्टर खालच्या तळावर, पायी साडेतीन तासांवर. म्हणून चौकीत सगळे मलाच डॉक्टर म्हणत, आणि ते मला आवडे.

औषधपेटीत जखमेवरचे ड्रेसिंग पक्के करण्यासाठी पांढरी चिकटपट्टी असते. आपल्याकडे घरोघरी असते तीच. तिचे इतर उपयोग मला फार सुचत. खिडकीची फट, रेनकोटची चीर, चष्म्याची मोडकी काडी, रेडिओच्या हँडसेटची सोललेली वायर. प्रत्येकाच्या मगावर तिचा तुकडा लावून मी सुवाच्य अक्षरांत नाव लिहिले होते. जवान कौतुक करत. रिळे संपत गेली.

लान्स नायक मिलिंद वरंधचा, मी पोलादपूरच्या डोंगरातील कुडपणचा. दोघेच असलो की आम्ही गावच्या बोलीत बोलत असू. एका दुपारी तो आईने पाठवलेल्या लाडवांचा डबा घेऊन आला.

"डॉक्टर, झाकनाला पट्टी मार रे. हितं उंदीर लय हायत."

"दोन पायांचे?"

"त्यातला मोठा तूच हायस. तुझ्यासाठीच तर ह्यो बंदोबस्त."

मी हसत दोन फेरे मारले. शेवटच्या रिळावर वीतभर पट्टी उरली. मी ती पाहिली. नवे सामान चार दिवसांत येणार होते, म्हणून मनावर घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी समोरच्या डोंगरधारेवरून फायर आला. मिलिंद पाण्याचा कॅन घेऊन उतरणीवर होता. गोळी छातीत, उजव्या बाजूला लागली. आम्ही त्याला बंकरमध्ये ओढून आणले. श्वासागणिक जखमेतून हवा आत जात होती. तिचा आवाज ऐकू येत होता. अशा जखमेवर प्लॅस्टिक ठेवून ते तीन बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचे असते, म्हणजे हवा बाहेर पडते पण आत शिरत नाही. हे आम्हाला पुन्हा पुन्हा शिकवलेले होते. वीतभर पट्टीत एकच बाजू बंद झाली.

"पट्टी आणा," मी ओरडलो. "कुठूनही आणा!"

जवानांनी मगांवरची नावे नखांनी खरवडून काढली. खिडकीची पट्टी आणली, डब्यावरची आणली. रक्ताने ओल्या कातडीला एकही तुकडा धरेना. लांब, सलग पट्टी कोरड्या कातडीपर्यंत पोचली असती. ती नव्हती. मी बँडेज गुंडाळले.

सुभेदार साहेब रेडिओवर होते.

"एक कॅज्युअल्टी, गंभीर. हेलिकॉप्टर हवे. ओव्हर."

"धुके आहे. हेलिकॉप्टर नाही. पायी खाली आणा. ओव्हर."

सात पन्नासला स्ट्रेचर निघाले. प्लॅस्टिकवर माझा तळहात होता. उतारावर पाय घसरला की बँडेज सरके, हात सरके, आणि तो आवाज पुन्हा येई. फायरखाली भीती वाटते, पण ती सगळ्यांची असते. ही माझ्या एकट्याची होती. त्याच्या ओठांचा रंग पाहण्याचे मला धैर्य नव्हते.

"हात काढू नको रे," तो एकदा म्हणाला.

"नाय काढत."

दहा चाळीसला त्याचा श्वास थांबला. तळ अजून पाऊण तास दूर होता.

तळावर मी डॉक्टर साहेबांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "पट्टी असती तर वाचला असता, असे मी सांगू शकत नाही. नसता वाचला, असेही नाही." तेव्हापासून मी या दोन वाक्यांच्या मध्ये राहतो.

पुढे दर वर्षी रजेवर येताना वीर स्टेशनला उतरलो की मी आधी वरंधच्या बौद्धवाडीत त्याच्या आईकडे जाई. निवृत्तीनंतरही जात राहिलो. "त्येला लय दुखलं का रे?" असे तिने पहिल्याच भेटीत विचारले होते. मी नाही म्हणालो होतो. ते खोटे पोटात ठेवून तिच्या घरी जेवणे मला जमेना. पाणी पिऊन मी उठे.

गेल्या वर्षी तिला सर्व सांगितले. लाडवांच्या डब्यासकट.

"चुकलासच तू," ती म्हणाली.

"हो, काकी."

"आनि इतकी वर्सं नुसतं पानी पिऊन उठत हुतास, ते ह्याच्यापायी?"

"हो."

"मला वाटं, आमच्या वाडीतलं अन्न चालत नाय तुला. माझ्या मिलिंदचा दोस्त असा कसा निघाला, म्हनून तू गेलास की रडायची मी."

स्वतःच्या अपराधाला जपताना मी त्या माउलीला हे दुःख वर्षानुवर्षे देत आलो होतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तिने भाकरी वाढली. मी जेवलो. समोर भिंतीवर युनिफॉर्ममधला मिलिंद होता. तो सत्तावीस वर्षांचा आहे. मी आता त्याच्या दुप्पट वयाचा झालो.