झऱ्याची वाफ

जपानच्या नकाशात खालच्या अंगाला समुद्रात घुसलेली डोंगराळ जीभ आहे. इझू तिचं नाव. मी ती पाहिलेली नाही, आता पाहणारही नाही, पण आमच्या घराचं जे वाटोळं झालं ते तिच्यापायी झालं. खरं म्हणजे माझ्यापायी.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी मी वेल्ह्याकडच्या एका वाडीत, माझ्याच गावात, शाळामास्तर होतो. भोरहून वाचायला आणलेल्या भूगोलाच्या पुस्तकात इझूवर दोन पानं होती. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, किनाऱ्याला गाव वसवायला धड सपाटी नाही, दगड सगळा ज्वालामुखीचा, आणि खोऱ्याखोऱ्यांतून जमिनीतून वर येणारं कढत पाणी. लोक त्या पाण्यात महिना महिना बसतात आणि धरलेले सांधे मोकळे करून घरी जातात, असंही लिहिलं होतं.

हे मी अक्काला वाचून दाखवलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. गुडघे धरले म्हणून सासूनं तिला माहेरी आणून सोडलं होतं आणि चार वर्षांची मुलगी तिकडेच ठेवून घेतली होती. जात्यावर बसता येईल तेव्हा पाठवा, असा निरोप होता. अक्कानं सगळं ऐकलं आणि असलं पाणी आपल्याकडे कुठं असेल का, एवढंच विचारलं.

पौषात एका सकाळी वाडीखालच्या झऱ्यावर मला वाफ दिसली. हात घातला तर पाणी चक्क कोमट. मी हरखून गेलो. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीच्याच दगडाचा, हे मला पाठ होतं. दुसऱ्या दिवसापासून अक्काला पाठकुळी घेऊन मी उजाडताना तिथं नेऊ लागलो. ती गुडघे बुडवून बसे आणि शाळेची वेळ होईपर्यंत मी काठावर उभा राहून तिला इझूचा भूगोल सांगे.

माघात शेजारचे काका गाड्या घेऊन वरंध घाटानं महाडकडे निघाले. तिकडे गरम पाण्याची कुंडं आहेत, पोरीला गाडीत घाल, परतीपर्यंत तिथंच ठेवू, असं ते आपणहून म्हणाले. मी हसलो. दारात पाणी असताना घाट कशाला उतरायचा, म्हणालो. काकांनी एकदा झऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बैल जुंपले.

चैत्रात वाफ गेली. एका दुपारी हात घातला तर पाणी गार लागलं. पाणी बदललंच नव्हतं, हवा बदलली होती. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणत होतं. पुस्तक हाती येण्याआधी मीही जाणत होतो. पण मास्तराला सांगणार कोण?

तोवर काकांच्या गाड्या परत आल्या होत्या. मग पावसाळा लागला, घाट बंद झाला. पुढच्या हिवाळ्यात अक्काचे गुडघे असे आखडले की गाडीचा एक हिसकाही तिला सोसेना. फाल्गुनात तिच्या सासरी दुसरी बायको आली. मुलगी तिलाच आई म्हणते, हे भोरच्या बाजारात मला कुणीतरी सांगितलं आणि मी मूर्खासारखं ते घरी येऊन बोललो.

अक्का रडली नाही, मीच रडलो. घाट उतरू दिला असता तर तुझी पोर तुझ्याजवळ असती, असं म्हणत राहिलो.

"लगनाआदी सा-सात वर्सं म्या त्या झऱ्यावर धुनी धुतली," ती शेवटी म्हणाली. "थंडीत वाफ निगती, ती म्या काय पैल्यांदा बघितली?"

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"तू शिकल्याला. म्या म्हनलं, तुज्या पुस्तकात आसंल."