फडक्यातल्या बांगड्या

डिलाईल रोडच्या चाळीत कालिंदी गॅलरीच्या टोकाच्या नळावर हंडा भरत होती, तेव्हा खोलीत मायलेकाचं वाजलेलं तिने ऐकलं. सासू रमाबाई विचारत होत्या, पाळणा कधी हलणार. नवरा जगदीश तडकला, "लाकूड आहे ती. लाकडाशी काय संसार करू?"

नळावरच्या बायांनी माना खाली घातल्या, कान मात्र वर. तेव्हापासून पाठीमागे तिचं नाव लाकूडच पडलं.

आता बघा. एकच खोली, मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा, पलीकडे सासू जागी. बांगड्या वाजू नयेत म्हणून कालिंदी मनगटाला फडकं गुंडाळून निजायची, श्वाससुद्धा पदरात दाबायची. त्याचा हात अंगावर आलेला तिला आवडायचा हो, पण दाखवणार कशी? तिच्या लाजेला त्या शहाण्याने लाकूड म्हटलं. पुढे तिलाही वाटायला लागलं, आपल्यातच काही कमी असेल. आरशात बघणं तिने सोडलं.

बऱ्याच वर्षांनी सासू गेली. दिवसकार्य उरकलं तसा जगदीश भांग पाडून, पावडर फासून घरात घुटमळायला लागला. कालिंदीने फडकं फेकलं, दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरल्या आणि त्याची वळकटी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. तीही दिवेलागणीला, सगळी चाळ दारात असताना.

"लाकडापाशी निजून पाठ दुखेल तुमची."

शेजारच्या दगडूने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "काय रे जग्या, आत वाळवी लागली काय?"

मग ते रोजचंच झालं. आत बांगड्या किणकिणायच्या, बाहेर जगदीश कूस बदलायचा. कॅरमला जाणं त्याने सोडलं, खांदे पाडून चालायला लागला. तिला दया आली नाही. तिचे खांदे पडले होते तेव्हा कोण विचारायला आलं होतं?

एकदा तो दारात पुटपुटला, "चुकलो मी. मला कळलंच नाही."

"तेव्हा नळापर्यंत ऐकू गेलं होतं. हेही तेवढ्याच आवाजात बोला."

त्याने दगडूकडे पाहिलं आणि उशी काखेत मारून बाहेर गेला.

कालिंदी वारली, त्याच्या आदल्या संध्याकाळी तिला ताप होता. भिंत धरून चालत होती.

"राहू दे गं, मी नेतो."

"लाकूड आहे. मोडत नाही."

तिने वळकटी बाहेर नेली, चटई झटकली, उशी जिन्याकडे केली. बांगड्या वाजवत आत आली आणि कडी लावली.