इंदो चेन्निंगचं घर कुठे टेकलं

इंदो चेन्निंगला एका जागी निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवतानासुद्धा उकिडवी, आत्ता उठेल की मग उठेल अशी. "अगं, मांडी घालून बस की जरा," म्हटलं तर म्हणायची, "मांडी घालायला जमीन स्वतःची लागते, रुकिया." तिचं बोलणं असंच, विळीवर धरल्यासारखं. पण खोटं नव्हतं. घर तिचं होतं. आईने लग्नात उभारून दिलेलं, खांबापासून आढ्यापर्यंत कसदार लाकडाचं. जमीन मात्र तिला कधीच नव्हती.

आमच्या गावात घरं चालतात. ती उंच खांबांवर उभी असतात आणि खांब दगडांवर नुसते टेकवलेले असतात. घर हलवायचं तर खांबांना बांबू बांधायचे आणि शुक्रवारच्या नमाजानंतर गावातल्या सगळ्या बाप्यांनी खांदा लावून ते उचलायचं. इंदो चेन्निंगचा नवरा ला साक्का याच्या पायाला भिंगरी होती, त्यामुळे तिच्या घराच्या पायालाही ती लागली. आधी नदीकाठी, मग बाजाराजवळ, शेवटी त्याच्या धाकट्या भावाच्या, पासोलोंगच्या आवारात. तिथे घर टेकवलं आणि ला साक्का एकटाच चालता झाला, समुद्रापलीकडे पामच्या मळ्यांत. तो काही परत आला नाही. लेक चेन्निंग तेव्हा रांगत होती; तिच्यावरूनच आईला सगळे इंदो चेन्निंग, म्हणजे चेन्निंगची आई, म्हणायचे.

पासोलोंगने इतकी वर्षं वहिनीला जागा दिली, हे त्याचं चांगलंच म्हणायचं. पण मग त्याने पाकोळ्यांचं घर बांधलं. खिडक्या नसलेली उंच सिमेंटची पेटी. पाकोळ्यांनी आत घरटी करावीत म्हणून छपरावरच्या भोंग्यातून दिवसभर त्यांचाच रेकॉर्ड केलेला चिवचिवाट. खाण्यासाठी सोन्याच्या भावाने जाणारी ती घरटी विकून त्याचं चांगभलं झालं आणि आता त्याला तशीच दुसरी पेटी बांधायची होती, नेमकी वहिनीच्या जागेवर.

"वहिनी, पाखरांना जागा अपुरी पडतेय हो," तो म्हणाला.

"मला पुरत होती," ती म्हणाली.

एवढंच. भांडली नाही, रडली नाही. शहरातून चेन्निंग आली आणि तिने सगळं ठरवून टाकलं. जुनी लाकडी घरं घेणारा एक हॉटेलवाला तिच्या ओळखीचा होता. आमच्या गल्लीत ट्रक शिरत नाही. म्हणून शुक्रवारी घर उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचं, तिथे त्याची माणसं ते सुटं करून नेतील, आणि आई लेकीच्या मागच्या खोलीत राहायला जाईल. आईने हो म्हटलं.

हो म्हटलं, पण तो आख्खा आठवडा तिचे पाय ठरत नव्हते. सकाळी काठी घेऊन निघायची आणि गावभर फिरायची. मशिदीमागची पडीक जागा, तळ्याची कड, शाळेच्या कुंपणाबाहेरचा उंचवटा. प्रत्येक ठिकाणी काठी टोचून बघायची, जमीन दगड पेलेल का ते. आणि कुणाला काही मागायची नाही. एकदा माझ्या परसातल्या कसाव्याच्या वाफ्याशी येऊन कितीतरी वेळ उभी राहिली. मी नारळ खवत बसले होते. मनात म्हटलं, माग, आता तरी माग. ती म्हणाली, "कसावा बरा आलाय," आणि गेली.

इतका संताप आला मला की नारळाबरोबर बोटही खवलं गेलं. मागितली असती तर मी दिली असती का? खरंच माहीत नाही. तेवढाच एक तुकडा माझ्या नावावर आहे आणि तो धाकट्या मुलीसाठी राखलेला. पण मागावं तरी! शेजारीण आहे मी, की रस्त्याने जाणारी बाई?

शुक्रवार उजाडला. घर उचलायचं असलं की मुगाची खीर माझ्याकडेच असते. नारळाचं दूध, ताडगूळ आणि सकाळपासून ढवळून ढवळून भरून आलेले हात. खिरीचा आमच्याकडे एकच नियम. घर टेकल्याशिवाय ती वाढायची नाही, आणि एकदा ती पोटात गेली की त्या घराला पुन्हा कुणी खांदा लावायचा नाही. जिथे खीर खाल्ली तिथे घर बसलं. पासोलोंगच्याच घराचं दार म्हशींच्या गोठ्याकडे तोंड करून आहे, ते यामुळेच. घर फिरवून नीट करायचं होतं, तेवढ्यात त्याच्या बायकोने घाईघाईत वाट्या भरल्या. आजही त्या घरात पाहुणा शिरतो तो म्हशीला सलाम करून.

सामान, जिना, सगळं खाली निघालं. "काकू, तुम्ही पण उतरा आता," हाकारा देणारा चाम्मांग इंदो चेन्निंगला म्हणाला.

"घरधनीण बेंबीच्या खांबाशी बसते. तुझ्या आज्याला विचार."

"आजा वारला, काकू."

"मग मला विचार!"

पोरं हसली. घराच्या मधल्या खांबाला आम्ही बेंबी म्हणतो आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. चाम्मांगने शिट्टी फुंकली, बांबू करकरले आणि घर उठलं. खालून नुसते पाय दिसत होते, जसं काही घरालाच पाय फुटलेत. मागे उरले ते दगड. इंदो चेन्निंग खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती की नाही, मी पाहिलं नाही. मला पातेल्याची धास्ती होती, खीर तळाला लागत होती.

गल्लीचं वळण अरुंद, म्हणून माझं कुंपण काढून घर माझ्या परसातून न्यायचं ठरलं होतं. कसाव्याच्या वाफ्यात आल्यावर चाम्मांगने हात वर केला. खांदे बदलायचे होते. घर अलगद खाली आलं, कसावा कडाकडा मोडला. पोरं घाम पुसत उभी राहिली. पलीकडे मोठ्या रस्त्यावर हॉटेलवाल्याचा ट्रक दिसत होता.

खिडकी उघडली.

"रुकिया."

"काय गं?"

"पोरं दमलीत. खीर वाढ."

एवढ्या गर्दीत पासोलोंगच्या भोंग्यातली पाखरं तेवढी ओरडत होती.

"वहिनी, खीर रस्त्यावर गेल्यावर!" पासोलोंग पुढे आला.

"आई, तो माणूस तिकडे खोळंबलाय!" चेन्निंग रडकुंडीला आली. "हो म्हणाली होतीस ना तू?"

"म्हणाले होते. आता नाही म्हणते. घर माझंच आहे ना अजून?"

बोलत होती त्यांच्याशी, पण बघत होती माझ्याकडे. खिडकीची चौकट तिने घट्ट धरली होती. उभ्या आयुष्यात ती पहिल्यांदा काही मागत होती, आणि तेही असं, सगळ्या गावासमोर, मला नाही म्हणायला तोंड राहू नये म्हणून. मला राग आला. धाकटीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिला काय सांगू? आणि त्याच वेळी वाटलं, ती चौकट सोडून आत गेली तर उद्यापासून ही विळीसारखी जीभ माझ्या परसात ऐकू येणार नाही.

"रुकिया, नीट विचार कर," पासोलोंग म्हणाला. "जमिनीचा मामला आहे."

"दाएंग," थोरल्या भावाला म्हणतात तसं मी त्याला मानाने म्हटलं, "तुमच्या बायकोने वाट्या भरताना केला होता का विचार?"

हसण्याचा एकच गदारोळ झाला. चाम्मांगला तर खालीच बसावं लागलं. त्या गोंधळात मी पळी उचलली.

पहिली वाटी बेंबीच्या खांबाची असते. जिना नव्हता, म्हणून ती डोक्यावर धरून टाचा उंचावून मी उभी राहिले. ऊन खीर मनगटावर ओघळली. वरून तिचा हात आला आणि वाटी गेली. मागे पोरांनी पातेल्याभोवती गर्दी केली होती.

"गूळ कमी पडलाय," वरून आवाज आला.

"मग उतर खाली आणि घाल!"

"आता नाही उतरत."

मी दोन पावलं मागे सरून उघड्या दारातून आत बघितलं. रिकाम्या घरात, खांबाला पाठ टेकून, वाटी पुढ्यात घेऊन ती बसली होती, मांडी घालून.