न फवारलेली माती

माझी एक सहकारी परदेशी जाताना तिचं कासव माझ्याकडे सोडून गेली. आफ्रिकी जातीचं, नोंदणीच्या कागदांसह, तळहाताएवढं. कलबुर्गीच्या भाड्याच्या खोलीत मी त्याला एका लाकडी खोक्यात ठेवलं आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. ते दिवसभर कोपऱ्यात कागद खरवडत राहिलं. ही जात माती उकरून आत शिरते, तेव्हाच निवांत होते. कागदावर त्याचे पाय घसरत होते, आणि हळूहळू त्याने खाणंही कमी केलं.

मी रसायनशास्त्र शिकवते. एकेक पर्याय खोडत निर्णयाला येण्याची सवय आहे. देवदाराचा भुसा बाद. त्यातली तेलं श्वासाला बाधतात. नुसती वाळू चाऱ्याबरोबर पोटात गेली तर आतडं तुंबतं. तुरीचं भुसकट आमच्या भागात हवं तेवढं मिळतं, पण त्याची धूळ उडते आणि ओल लागताच बुरशी धरते. उरली माती, नारळाच्या काथ्याचा भुगा मिसळून किंचित ओलसर ठेवलेली. रोपवाटिकेतल्या मातीत खत असतं, शेतातल्या मातीत फवारणीचे अवशेष.

गावी, मादन हिप्परग्याला, वडिलांना फोन केला.

“कासवाला गादी कामून लागायली गं, अक्का?” ते मला अक्काच म्हणतात.

“गादी न्हाई अप्पा, माती. औषध न मारलेली. कुठं हाय का आपल्या रानात?”

“तुरीवर मारलं, हरभऱ्यावर मारलं. बांधावर तणनाशक.” ते रानाचा एकेक तुकडा मोजत गेले. “एकच जागा हाय की.”

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. आमच्यात माणूस गेलं की बसवून शेतातच पुरतात. आईला पूर्वेच्या कोपऱ्यात बसवलं, त्या दिवसापासून तिथे ना नांगर गेला ना फवारणीचा पंप.

“तिथली कशी घ्यायची, अप्पा?”

“समाधीवरची घे कोण म्हणायलंय? भवतालची घे. मांजर घरात आलं तर लाटणं घेऊन धावायची तुझी आई. आता कासवाला अंथरूण देऊ दे की.”

रविवारी गेले. पुरताना सोबत मीठ घालतात. ते मातीत झिरपलं असेल तर कासवाला घातक, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. असा विचार तिथे उभं राहून करावा का, असंही वाटलं. पण आई असती तर तिनेच विचारलं असतं, नीट बघितलंस का म्हणून. मीठ पाण्याबरोबर उताराकडे जातं, म्हणून मी चढाच्या बाजूची माती भरली. अप्पा उकिडवे बसून ढेकळं फोडत राहिले. मी ती हाताने चाळली.

प्रयोगशाळेत क्षार तपासले. प्रमाण नगण्य निघालं. तपासणी झाल्यावर उरलेला नमुना फेकून द्यायचा असतो. तो मी अजून टेबलावरून हलवलेला नाही.

खोक्यात वीतभर थर दिला. कासवाने वास घेतल्यासारखी मान पुढे केली, आणि मग पुढच्या पायांनी असं काही उकरायला लागलं की माती माझ्या चष्म्यावर उडाली. थोड्या वेळाने पाठीची फक्त कड दिसत होती. मी शेजारी बोटं खुपसून बसले. शिकायला घर सोडल्यापासून आईपाशी इतका वेळ बसले नव्हते. आईपाशी, असं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या निराधार आहे, हे मला कळतं. तरी हात काढवेना.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला.

“झोपलं का गं तुझं पाहुणं?”

“झोपलं. डोकंबी दिसंना.”

“माती पुरली?”

रोज वरची घाण काढली, तर एवढी माती कित्येक महिने चालते.

“पुढच्या महिन्यात बदलावी लागंल, अप्पा.”

“ये की मग,” ते म्हणाले. “ढेकळं फोडून ठिवतो.”