चिखल लावलेला रणगाडा

आमच्या ग्रुपमध्ये एक टँक पूर्ण व्हायला महिनोन्‌महिने लागतात, किस्से मात्र दर रविवारी तयार होतात! अंबरनाथला बुवापाड्यात दिनेशच्या घरी आम्ही जमतो. दिनेश, उल्हासनगरचा सिंधी कापडवाला लछू आणि बदलापूरहून मी. तळहाताएवढं टँकचं मॉडेल रंगवायचं, मग लढाईतून आल्यासारखं मळवायचं, हा आमचा छंद.

यंदाचा टँक दिनेशसाठी खास होता. त्याचे अप्पा फौजेत टँक चालवायचे, पण त्याचं एकही मॉडेल त्यांनी हातात घेतलं नव्हतं. "खेळणी!" एवढंच म्हणायचे. एकदा तरी त्यांनी नीट बघावं, एवढीच दिनेशची इच्छा.

*

कॅमोफ्लाजसाठी पिवळट रंगावर कणकेच्या वळ्या चिकटवतो. वरून हिरवा मारायचा आणि वळ्या सोलायच्या, की खाली पिवळे पट्टे राहतात. टँक गॅलरीत ठेवून हिरवा ढवळेपर्यंत कावळ्याने दोन वळ्या पळवल्या! तसाच रंग मारला. पट्टे असे झकास वेडेवाकडे आले की लछू म्हणाला, "पुढच्या टायमाला कावळ्यालाच बोलव, भाई!"

*

वाळायला टँक कुंड्यांमध्ये ठेवला. संध्याकाळी दिनेशच्या आईने झाडांना पाणी घातलं. टँकलाही घातलं!

"मला काय दिसलाच नाय रे!" ती ओशाळली.

आम्ही टाळ्या पिटल्या. कॅमोफ्लाज पास!

*

मग मळवणं. बदलापूरला खरवईत माझ्या बिल्डिंगमागची माती चहाच्या गाळणीतून गाळली आणि दिनेशने ती चाकांना, पुढच्या भागाला फासली. कडांना गंजाचा रंग दिला. लछूला बघवेना.

"साईं, आमच्या मार्केटमध्ये जुना माल नवा करतात. तुम्ही नवा माल जुना करता!"

पण सगळ्यात फर्स्ट क्लास गंज त्यानेच लावला. काम एक नंबर झालं होतं. अभिमान वाटला, उगाच नम्रपणा कशाला!

*

पुढच्या रविवारी टँक टेबलावर ठेवला. अप्पा चहाचा कप ठेवायला आले आणि थांबले. चष्मा लावला. टँक उचलून डोळ्यांजवळ नेला. दिनेश हातातला ब्रश घट्ट धरून उभा.

"चिखल कोणी लावला?"

"मी, अप्पा."

अप्पांनी रुमाल काढला, टोक ओलं केलं आणि ड्रायव्हरच्या समोरची इवलीशी काच तेवढी हळूच पुसली. बाकी चिखलाला हात लावला नाही.

"चालवणाऱ्याला पुढचं दिसायला नको?"