गेटावरची ढाळेवाली

"गेट गेलं, मग ढाळेवाली कुठं बसत असेल गं?" चाकूरजवळ पूल झाल्यापासून आईचं हे पालुपद सुरू होतं. शेवटी मीच म्हटलं, चल, बघूनच येऊ.

आईचं माहेर लातूर, सासर नांदेड. वाटेत रेल्वेचं गेट पडायचं, एसटी थांबायची आणि एक बाई हिरव्या हरभऱ्याचे ढाळे घेऊन खिडकीशी यायची. पहिल्या संक्रांतीहून परतताना आई मुसमुसत होती, तेव्हा त्या बाईनं ढाळे हातात कोंबून म्हटलं होतं, "रडू नकु, पंचमीला येशील की." तेव्हापासून दर फेरीला गाडी हलेपर्यंत दोघींच्या गप्पा.

नांदेडहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. रस्ता आता चौपदरी, सुसाट. अहमदपूरला भजी खा, पण गरम असतील तरच.

मी इंग्रजीची मास्तरीण, गप्प कशी बसणार? आईला सांगितलं, इंग्रजीत गेट म्हणजे दार, पण इंग्रजांच्या देशातल्या काही जुन्या गावांत रस्त्यांच्या नावांतही गेट असतं. तो शब्द वेगळा, त्यांच्याकडे समुद्रापलीकडून आलेला, त्याचा अर्थच रस्ता.

"आणि थांबायची जागा?" आईनं विचारलं.

"तो अर्थ नाही गं."

"मग अर्धवटच शिकलीस," ती म्हणाली.

चाकूरला रिक्षावाला हसला. "गेट कवाच गेलं. पर गेटावर म्हनलं की समद्यांना कळतंय. बसा."

पुलाखाली पत्र्याच्या सावलीत म्हातारी ढाळे घेऊन बसलेली! आई जवळजवळ पळतच गेली. "वळखलं का?"

म्हातारीनं डोळे बारीक केले. "न्हाई बाई. लई लोकं यायची गाडीनं."

आईचा चेहरा पडला. मला तर उगाच आणलं असं झालं. आई रिक्षात जाऊन बसली. मग काय वाटलं कोण जाणे, डोकं बाहेर काढून म्हणाली, "ढाळे कवळे हायत का?"

म्हातारी तरातरा आली. "अगं, नांदेडवाली! रडकी!" तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुला हुबी कवा बघितलंच न्हाई की!"

मग आई रिक्षात, ती खाली उभी, अशाच दोघी बोलत राहिल्या. रिक्षावाल्यानंही घाई केली नाही.

घरी ढाळे सोलताना मला एकदम आठवलं. "आई, तिचं नाव विचारायचं राहिलं."

"तिनं तरी माझं कुठं विचारलं?" आई म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी त्या वाटेवरून परतल्यावर पुन्हा रडली.