पेचकस कानाला लावून

पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले त्या वर्षी, विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी जुनी हत्यारं शोधत मी उदगीरला, सगळे ज्यांना मामा म्हणतात त्या नागनाथमामांच्या गॅरेजवर गेले. आमच्या घरात शिकलेली मी पहिलीच. बोलण्यात काही चुकेल या धास्तीने दारातच थांबले. मामा म्हणाले, "आत या बाई. हत्यारं चावत न्हाईत."

भिंतीवर लाकडी मुठीचे पेचकस लावलेले होते. जुन्या गाड्यांचे स्क्रू एकसारखे नसत, म्हणून मामांनी प्रत्येक पेचकसाचं टोक कानशीने घासून नेमक्या खाचेत बसेल असं केलं होतं. सगळ्यांत लांब पेचकस मात्र फिरवण्यासाठी नव्हताच. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आत कुठे काय वाजतंय ते ऐकायचं.

मामी गेल्यापासून मामांना घरी बोलायला कोणी नाही. नव्या गाड्या इकडे वळत नाहीत. तरी ते रोज शटर उघडतात, पेचकस पुसून पुन्हा जागेवर लावतात.

गेल्या उन्हाळ्यात मी तिथे असताना जळकोटचे एक निवृत्त गुरुजी जुनी जीप घेऊन आले. बऱ्याच दिवसांनी आलेली ती गाडी. मामांनी तो लांब पेचकस एका कानाला लावला, मग दुसऱ्याला, आणि इंजिन बंद करायला सांगितलं.

"गुरुजी, कान गेला माझा. अंदाजानं हात लावणार न्हाई. लातूरला दाखवा."

"दाखवली की! ते म्हणत्यात, हिला आमच्या तपासायच्या मशीनची वायरच बसत न्हाई."

मामा हसले नाहीत. त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. "बाई, तुम्ही ऐका."

इंजिन सुरू झालं. "वरच्या बाजूला टकटक येतेय," मी म्हणाले, "पण खात्री नाही."

"मग पुन्हा ऐका. घाई कुणाला हाय?"

पुन्हा ऐकलं. आवाज पुढच्या व्हॉल्व्हपाशीच होता. मामांनी इंजिन बंद करून झाकण काढलं, तिथला स्क्रू किंचित आवळला, गाडी सुरू करायला लावली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"थांबली, मामा."

टकटक थांबल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळलं.

खात्री नसेल तर तसं सांगावं, हे मी त्यांच्याकडून शिकले. पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या मामांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मी रविवारी जातेच. शटर मात्र रोज उघडं असतं. उदगीरकरांनो, गाडी नसली तरी जाऊन बसा. जवळ बसा, आणि जरा मोठ्याने बोला.